मिश्र वाद्यवृंद काढताय? आधी सा ठरवा

बासरी, गिटार, तबला, जोडीला एखादं व्हायोलिन किंवा संतूर. गायक नाही, कीबोर्ड नाही. थोडा राग, थोडं लोकसंगीत, थोडं जॅझ. आणि रचनांची नावं श्रावण, देवराई, घाटमाथा अशी. असा वृंद काढायची हुक्की पुण्या-मुंबईत दर पावसाळ्यात अनेकांना येते आणि दिवाळीपर्यंत बहुतेकांची ओसरते. का मोडलं म्हणून विचारलं तर 'आमच्या शैली जुळल्या नाहीत' हे ठरलेलं उत्तर.

मी अशाच एका वृंदात गिटार वाजवतो. माझ्या मते शैलीवरून फारशी भांडणं होतच नाहीत. ती होतात सुरावरून, आवाजाच्या पातळीवरून आणि पैशांवरून. चारचौघांत सांगताना मात्र शैलीचं नाव पुढे केलं जातं. या तिन्ही गोष्टी सुरुवातीलाच मार्गी लावता येतात. तुम्हाला आपलं वाद्य बऱ्यापैकी येतं, पण दुसऱ्या परंपरेतल्या माणसाशेजारी बसून वाजवायची सवय नाही, असं धरून पुढचं लिहितोय.

१. आधी दोन जुने वृंद ऐका

हा प्रकार नवा नाही. १९६७ साली 'कॉल ऑफ द व्हॅली' ही तबकडी आली: शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काबरांची गिटार आणि माणिकराव पोपटकरांचा तबला. काश्मीरच्या खोऱ्यातल्या मेंढपाळाचा एक दिवस, सकाळच्या अहिरभैरवापासून पहाडीपर्यंत. तिच्यामागे एचएमव्हीतले जी. एन. जोशी होते, म्हणजे आपले भावगीतवाले जोशी. त्याच वर्षी अमेरिकेत सॅक्सोफोनवादक पॉल विंटर यांनी आपला 'विंटर कॉन्सॉर्ट' हा वृंद सुरू केला. ओबो, चेलो, गिटार आणि पुढे पुढे देवमासे, लांडगे, गरुड यांचे खरे आवाजही त्यांच्या संगीतात आले. त्याच वृंदातून बाहेर पडलेल्या चौघांनी 'ऑरेगन' काढला. त्यांच्यातला कॉलिन वॉलकॉट सतार आणि तबला वाजवायचा.

दोन्ही ऐकताना एकाच गोष्टीकडे कान ठेवा: किती वेळ कोण गप्प आहे. इतकी वाद्यं आहेत, पण सगळी एकदम वाजतायत असे क्षण मोजकेच. नवखे वृंद बरोबर याच्या उलट करतात. तालमीला आलोय तर वाजवलंच पाहिजे, असं प्रत्येकाला वाटतं.

२. चार माणसं पुरेत

तीन कमी पडतात, सहा जमत नाहीत. चारांत एक फुंकीचं किंवा गजाचं वाद्य हवं, जे सूर लांबवू शकेल. एक छेडायचं, एक तालाचं, आणि चौथं या तिघांत नसलेल्या पट्टीतलं, म्हणजे चेलोसारखं खालचं किंवा संतुरासारखं वरचं. दोन बासऱ्या किंवा दोन गिटारी सुरुवातीला नकोत.

माणूस निवडताना किती तयारी आहे याआधी त्याला ऐकता येतं का ते बघा. सोपी चाचणी: पहिल्या भेटीत सगळ्यांनी मिळून फक्त सा, म, प एवढ्याच सुरांवर पाच मिनिटं वाजवा. ज्याला दुसऱ्या मिनिटाला तान मारल्याशिवाय राहवत नाही, तो उत्तम एकलवादक असेल. त्याच्या मैफलीला जरूर जा, वृंदात घेऊ नका.

लोकवाद्य घ्यायची इच्छा असेल, तारपा किंवा पावरीसारखं फुंकून वाजवायचं आदिवासी वाद्य, तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. तारप्याचा सूर तो बनवणाऱ्यानं दिलेला असतो, तुमच्या ट्यूनरला तो बांधील नाही. तेव्हा बाकीच्यांनी त्याच्या सुराला लावून घ्यायचं, उलट नाही. दुसरं, वारली वादकाला पालघरहून एका 'तुकड्या'साठी बोलावून पोस्टरवर 'लोककलावंत' एवढंच छापायची पद्धत आहे, ती मोडा. नाव छापा आणि मानधन इतरांइतकंच द्या.

३. सा ठरवा

ही पायरी ओलांडून पुढे जाऊ नका. लोक आधी राग ठरवतात, रचना बांधतात आणि मग कळतं की बासरीवाल्याकडे त्या पट्टीची बासरीच नाही.

अडचण अशी असते: मैफलीची नेहमीची बासरी ई ची, म्हणजे पांढरी तीन. संतूरवादक बहुधा डी किंवा सी शार्पला, म्हणजे पांढरी दोन किंवा काळी एकला बसतो. व्हायोलिनच्या मोकळ्या तारा पाश्चात्त्य पद्धतीत जी, डी, ए, ई. गिटारच्या सहा तारा ई, ए, डी, जी, बी, ई. प्रत्येकाला आपलाच सा सोयीचा.

व्यवहारात दोन पर्याय टिकतात.

ई: बासरीवाला खूश, गिटारच्या वरच्या-खालच्या दोन्ही तारा सा. पण तबला लहान तोंडाचा लागतो, साधारण पाच इंची, आणि तो नसेल तर विकत घ्यावा लागेल. संतूरवाला कुरकुरेल, कारण तारा एक-दीड सुरानं चढवायच्या म्हणजे ताण वाढतो आणि त्या तुटतात.

डी: माझी शिफारस याला. संतूर, व्हायोलिन, चेलो सगळे मजेत. गिटार डी-ए-डी-जी-ए-डी अशी लावायची. १९६० च्या दशकात इंग्लंडमधल्या डेव्ही ग्रॅहमनं रुळवलेली ही मांडणी. खालपासून वाचलं तर सा-प-सा-म-प-सा. घरबसल्या तानपुरा! बासरीवाल्याला मात्र डी ची बासरी घ्यावी लागते. ती जास्त लांब, भोकं दूर दूर. बोटं बसायला काही आठवडे जातात. तेवढा वेळ त्याला द्या.

एखादी रचना ई मध्ये करायची झाली तर गिटारला दुसऱ्या पडद्यावर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावा, मांडणी तीच राहते.

बासरी ऑनलाइन मागवणाऱ्यांसाठी: आपल्याकडे बासरीची पट्टी वरची तीन भोकं बंद केल्यावर येणाऱ्या साच्या नावानं सांगतात. काही विक्रेते पाश्चात्त्य रीतीनं सगळी भोकं बंद केल्यावरचा सूर सांगतात. आपल्या ई च्या बासरीत सगळी बंद केली की मंद्र पंचम येतो, म्हणजे बी. तेव्हा 'ई ची' म्हणून भलतीच बासरी घरी येऊ शकते. मागवण्याआधी विचारा आणि आल्यावर ए बरोबर ४४० हर्ट्झ धरून ट्यूनरवर तपासा.

संतूर असेल तर आणखी एक बंधन. शंभराच्या आसपास तारा आणि त्या रागाप्रमाणे लावलेल्या. कोमल गंधारातून शुद्ध गंधारात जायचं तर त्या सुराच्या सगळ्या तारा फिरवाव्या लागतात. म्हणून कार्यक्रमाचा क्रम संतूरवाल्याला ठरवू द्या. तेच सूर लागणाऱ्या रचना लागोपाठ, मग मध्ये बासरी-तबल्याचं काहीतरी, तोवर संतूर लावून होतं.

४. गंधाराचं भांडण

सा जुळला तरी गिटार आणि बासरी एकत्र वाजल्यावर काहीतरी टोचत राहतं. बासरीवाला म्हणतो गिटार चढलीय, गिटारवाला म्हणतो ट्यूनर हिरवा दाखवतोय. दोघंही खरं बोलतायत.

गिटारचे पडदे समान विभागणीचे असतात: सप्तकाचे १२ सारखे भाग, प्रत्येक भाग १०० सेंटचा. त्यात शुद्ध गंधार सापासून ४०० सेंटवर येतो. तानपुऱ्यात आपोआप ऐकू येणारा गंधार ३८६ वर असतो, आणि बासरीवाल्याचा कान तिथेच जातो. फरक १४ सेंटचा. निषादातही असाच १२ सेंटचा फरक. पंचमात मात्र जेमतेम २, म्हणजे ऐकू न येण्याजोगा. हार्मोनियम आणि अकॉर्डियनलाही हाच आजार.

यावर उपाय चार:

गिटारवाल्यानं गंधार वाजवायचाच नाही. सा, म, प आणि हवं तर रे, एवढ्यावर रचनेचा पाया उभा करायचा. गंधार बासरीकडे सोपवायचा. मेजर-मायनरचे कॉर्ड वाजवायची सवय सुटायला त्रास होतो, पण ध्वनी एकदम मोकळा होतो.

दुसरा, राग असा निवडायचा की वादच उरत नाही. प्रचलित मेघ बघा: सा, रे, म, प, कोमल नी. गंधार नाही, धैवत नाही. पावसावर काही करायचं आहे आणि गिटार-बासरी एकत्र आहेत, तर मेघासारखा राग नाही. वर सांगितलेल्या डी च्या मांडणीत तो मोकळ्या तारांवरच अर्धा वाजतो.

तिसरा, पडदे चुकवायचे. काबरांची गिटार मांडीवर ठेवून तारेवर पट्टी सरकवून वाजवायची होती, म्हणजे गंधार हवा तिथे घेता यायचा. त्या तबकडीत गिटार टोचत नाही याचं अर्धं श्रेय या वस्तुस्थितीला आहे. तुमच्यात कोणी स्लाइड वाजवणारा असेल तर सोन्याहून पिवळं.

चौथा उपाय म्हणजे किरवाणी. हा राग पाश्चात्त्य हार्मोनिक मायनरशी स्वरांनी जुळतो, जॅझवाल्याच्या हाताला ओळखीचा, आणि बासरीवालाही पडदेवाल्या गिटारशी तडजोड करायला तयार होतो. मिश्र वृंदांत किरवाणी, चारुकेशी, हंसध्वनी इतक्या वेळा ऐकू येतात ते यामुळेच. तोडी, मारवा, श्री यांच्या वाटेला पहिली दोन वर्षं जाऊ नका. तिथे कॉर्ड ठेवला की राग मरतो आणि काढला की गिटारवाल्याला काम उरत नाही.

५. सम कुठे आहे ते कागदावर लिहा

केरवा आणि दादरा कोणालाही समजतो. गाडी अडते रूपकात. सात मात्रा, ३-२-२, जॅझवाल्यालाही साताचा हिशोब पाठ. पण रूपकात सम, म्हणजे पहिली मात्रा, हीच खाली (टाळी न देता मोकळी सोडलेली) असते, तिथे डग्ग्याचा घुमारा येत नाही. बाहेरच्या वादकाचा कान ठोस आवाजाला 'एक' समजतो आणि चौथ्या मात्रेवर येऊन उभा राहतो. अख्खी तालीम जाते आणि कोणाला कळत नाही कोण चुकतंय. पहिल्या दिवशी सगळ्यांनी हातावर टाळी-खाली देत बोल म्हणायचे: ती ती ना, धी ना, धी ना. गिटारवाल्यानेही. लाज वाटत असेल तर दार लावून घ्या.

कहोन, म्हणजे बसून वाजवायची लाकडी पेटी, असेल तर तबल्याबरोबर एकाच वेळी नको. दोघांपैकी एकानं ताल धरावा, दुसऱ्यानं घुंगरू, खुळखुळा, मातीचा घट असं काहीतरी हलकं घ्यावं.

६. निसर्ग कुठून आणायचा

इथे सगळेच घसरतात. पावसावरची रचना म्हटलं की मागे पावसाचं ध्वनिमुद्रण, मध्ये ढगांचा गडगडाट, बासरीवर कोकिळेची नक्कल. श्रोत्यांना दोन मिनिटं मजा वाटते आणि मग ते हॉटेलच्या लॉबीत बसल्यासारखे होतात.

आवाजाची नक्कल करण्यापेक्षा त्याची घडण उचला. काही घडणी सांगतो, त्या ऐकायला लांब जावं लागत नाही.

पावशा. एप्रिल ते जून, 'पेर्ते व्हा, पेर्ते व्हा' करत प्रत्येक हाकेला थोडा वर चढतो, टोकाला जातो, तुटतो, आणि पुन्हा खालून सुरू करतो. कधीही सावर येऊन थांबत नाही. एक छोटा स्वरसमूह घ्या, प्रत्येक आवर्तनात एक पायरी चढवा, समेवर न येता सोडून द्या. पावसाआधीची ती तगमग आपोआप येते. मागे पाऊस लावायची गरज राहत नाही.

तांबट. उन्हाळ्याच्या दुपारी एकाच सुरात, एकाच लयीत टुक टुक टुक. संतुराच्या एका तारेवर किंवा गिटारच्या दाबलेल्या तारेवर हे धरून ठेवा आणि बाकीच्यांना त्यावर सावकाश चालू द्या. मेट्रोनोमचा सराव फुकटात होऊन जातो.

शीळकरी कस्तुर. सह्याद्रीत ओढ्याकाठी, पावसाळ्यात पहाटे उजाडण्याआधी, एखादा माणूस विचारात असताना शीळ घालतो तसा. तालाचा पत्ता नाही, वाक्यं अर्धवट. बासरीच्या आलापाला यासारखा गुरू नाही.

बेडूक. पहिल्या मोठ्या पावसानंतर डबक्याशेजारी उभे राहा. एकजण दुसऱ्याच्या मधल्या फटीत ओरडतो. तबला आणि कहोन यांच्यासाठी हा सवाल-जवाब तयारच आहे.

रातकिडे. उकाडा वाढला की त्यांची किरकिर जलद होते, गारठ्यात मंदावते. डॉल्बेअर या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञानं १८९७ साली त्यावरून तापमान काढायचं सूत्रच मांडलं होतं. एका रचनेची लय हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात वेगळी ठेवायला यापेक्षा चांगलं निमित्त सापडणार नाही.

ऐकायला जाल तेव्हा: फोन चालतो, पण माइकवर वाऱ्यासाठी फरचं टोपण घाला, नाहीतर घरी येऊन फक्त फरफर ऐकाल. हातातला रेकॉर्डर असेल तर ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल. भीमाशंकर किंवा ताम्हिणीच्या अभयारण्यात व्यावसायिक ध्वनिमुद्रण, चित्रीकरण करायचं तर वनविभागाची लेखी परवानगी लागते. तिथे वाद्य काढून 'जंगलात जॅम' वगैरे करण्याचा विचारही नको. आणि पक्षी जवळ यावा म्हणून फोनवर त्याचीच साद लावू नका. विणीच्या दिवसांत तो घरटं सोडून भांडायला येतो.

इंटरनेटवरून पक्ष्यांचे आवाज उतरवून अल्बममध्ये टाकणाऱ्यांनो, परवाना वाचा. झेनो-कँटोसारख्या संग्रहातले बरेचसे आवाज फक्त अव्यावसायिक वापरासाठी असतात.

७. वाद्याच्या अंगावर काय आहे ते तपासा

निसर्गाच्या नावानं चालणाऱ्या वृंदाला हे जास्तच लागू. गोव्यातलं घुमट हे मातीचं तालवाद्य पूर्वी घोरपडीच्या कातड्यानं मढवायचे. घोरपड वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. आता बकऱ्याचं कातडं वापरतात, आणि २०१९ साली गोवा सरकारनं घुमटाला वारसावाद्याचा दर्जा दिला. जुनं घुमट हौसेनं विकत घेताना कातडं कशाचं आहे ते विचारा. सतार-तानपुऱ्याच्या जुन्या घोड्या कधी हस्तिदंताच्या, कधी सांबरशिंगाच्या असत. दोन्हींचा व्यापार बेकायदा आहे. आज उंटाचं हाड, आबनूस किंवा कृत्रिम पदार्थाच्या घोड्या मिळतात.

सतार किंवा तानपुरा नवा घ्यायचा असेल तर सरळ मिरज गाठा. तिथल्या सतारी आणि तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. दुकानात बसून, जवारी म्हणजे तारेचा झंकार ऐकून घ्या. फोनवर भाव करू नका.

परदेश दौऱ्याची स्वप्नं पडत असतील तर शिसवी गिटारचीही कागदं बघून ठेवा. शिसवीच्या लाकडावर २०१७ पासून आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत. २०१९ च्या निर्णयानंतर तयार वाद्यांना सूट मिळाली, तरी विमानतळावर प्रश्न विचारलेच जातात. खरेदीची पावती जवळ असू द्या.

८. तालीम: माइक नको

पहिले काही महिने माइक, स्पीकर, पिकअप काहीही लावू नका. खोलीत तबला गिटारला सहज गिळतो. तबलावाल्यानं हात हलका करायला शिकायचं, आणि ते त्याला अपमानास्पद वाटू न देता सांगायचं. हे काम वयानं मोठ्या माणसाकडे द्या.

गिटारवाला खुर्चीत, बाकी सतरंजीवर, असं बसाल तर नजरानजर होत नाही आणि समेवर यायचं कोणाला कळत नाही. सगळे एका उंचीवर हवेत. सहा इंच उंचीचा पाट किंवा चौरंग करून घ्या, गिटारवाल्याला मांडी घालायची सवय लावा, काहीही करा.

फ्लॅटमध्ये तालीम करत असाल तर शेजाऱ्यांशी आधीच बोला. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री दहानंतर ४५ ही नियमातली मर्यादा आहे. ५५ म्हणजे साधं बोलणं. तबला ती केव्हाच ओलांडतो.

९. हवा सूर बिघडवते

आवाजाचा वेग तापमानाबरोबर वाढतो, म्हणून हवा १ अंशानं तापली की बासरी सुमारे ३ सेंट चढते. १० अंशांत ३० सेंट, म्हणजे अर्ध्या सुराचा जवळजवळ तिसरा हिस्सा. त्याच उन्हात गिटारच्या तारा सैल पडून उतरतात. डिसेंबरात सकाळच्या गारठ्यात सुरू केलेला उघड्यावरचा कार्यक्रम ऊन आल्यावर बेसूर होतो तो असा, दोन्ही बाजूंनी. दर दोन रचनांनंतर सगळ्यांनी बासरीला लावून घ्यायचं. बासरीला नाही सरकता येत, इतरांना येतं.

तबल्याचं उलट. पावसाळ्यात कातडं ओल धरतं आणि सैलावतं. गट्टे ठोकून चढवावा लागतो. वातानुकूलित सभागृहात तेच कातडं सुकून ताणलं जातं आणि सूर वर जातो. वाद्यं प्रयोगाच्या तासभर आधी मंचावर, उघडी, दिवे लावून ठेवा. त्या हवेत ती मुरली की मगच लावा. ग्रीनरूममध्ये लावलेला तबला मंचावर टिकत नाही.

१०. मंच आणि ध्वनिव्यवस्था

सभागृह लहान निवडा. पुण्यात सुदर्शन रंगमंच, ज्योत्स्ना भोळे सभागृह. मुंबईत एनसीपीएचं लिटल थिएटर. मोठ्या नाट्यगृहात अर्ध्या रिकाम्या खुर्च्या आणि तेवढ्यासाठी मोठे स्पीकर, असं दुहेरी नुकसान.

ध्वनिवाल्याला आदल्या दिवशी एका पानावर लिहून पाठवा: कोण कुठे बसणार, कोणतं वाद्य, कोणता माइक. गिटार आणि संतुराला कंडेन्सर माइक, त्याला ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो. तबला-डग्ग्याला डायनॅमिक माइक दोन. बासरीला फोमचं टोपण घातलेला. गिटारचा पिकअप वापरणार असाल तर डीआय बॉक्स (पिकअप ध्वनिव्यवस्थेला जोडायची छोटी पेटी) सोबत न्या, तिथे असेलच असं नाही. मॉनिटर शक्य तितके हळू. खोलीत एकमेकांना ऐकून वाजवायला शिकला असाल तर त्यांची फारशी गरज पडत नाही, आणि शिट्टीही येत नाही.

उघड्यावर करायचं असेल तर एक सापळा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा ही बंदी फक्त लाउडस्पीकरपुरती आहे, आपण माइकशिवाय वाजवतोय, असं समजून लोक टेकडीवर पहाटे पाचला मैफल ठेवतात. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत २०१० साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून त्यात वाद्यंही येतात. सूट आहे ती बंदिस्त सभागृहांना. तेव्हा पहाटेची मैफल सहानंतर किंवा छताखाली.

११. कागद आणि पैसे

सगळे मित्र असताना हे करायचं; भांडण झाल्यावर होत नाही.

रचना कोणाची, हे प्रत्येक रचनेपुढे तारखेसह लिहून चौघांनी सही करा. राग कोणाचा नसतो, पण तुम्ही बांधलेली गत तुमची असते. एकानं धून आणली आणि तिघांनी ती घडवली तर वाटा कसा, ते तेव्हाच ठरवा. कॉपीराइट रचना झाल्या क्षणी मिळतो, नोंदणी सक्तीची नाही. पण पुरावा म्हणून उपयोगी. संगीतरचनेच्या नोंदणीचं शुल्क ५०० रुपये, ध्वनिमुद्रणाचं २,०००. अर्ज ऑनलाइन भरता येतो. रचनाकारांनी रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएस या संस्थेचं सभासदत्व घ्यावं. वाद्यसंगीत आहे म्हणून रॉयल्टी नसते, हा निव्वळ गैरसमज आहे.

वृंदाचं नाव ठरवण्याआधी ट्रेडमार्कच्या संकेतस्थळावर वर्ग ४१ मध्ये शोध घ्या. 'सह्याद्री' किंवा 'नाद' हे शब्द जोडून होणारी बहुतेक नावं कोणीतरी घेतलेली असतात.

जवळ ठेवायची कागदं:
- प्रत्येकाचं पॅन आणि बँकेचा तपशील (आयोजक टीडीएस कापून पैसे देतात, तो विवरणपत्रात दाखवला की हिशोबात येतो)
- आपसातला करार: पैशांची वाटणी, वृंद सोडणाऱ्याचे हक्क, नाव कोणाकडे राहणार
- रचनांची सही केलेली यादी
- आयोजकाचं पत्र: तारीख, मानधन, प्रवास, ध्वनिव्यवस्था कोणाची
- उघड्यावरच्या कार्यक्रमासाठी पोलिसांची आणि जागामालकाची लेखी परवानगी
- वाद्यांच्या पावत्या आणि फोटो

सोबतची पिशवी: क्लिपचा ट्यूनर दोन, कॅपो, जादा तारा, तबल्याची हातोडी, पावडर, सिलिका जेलच्या पुड्या, फोमची टोपणं, डीआय बॉक्स, चिकटपट्टी, संतुराची किल्ली. किल्ली दोन ठेवा. ती हरवली की संतूर म्हणजे नुसतं फर्निचर.

१२. पहिला कार्यक्रम

पन्नास मिनिटं, पाच रचना, मध्यंतर नाही. पहिली रचना मोकळ्या तारांची आणि सोपी ठेवा, तीत सगळ्यांचे हात गरम होतात. सर्वात अवघड तिसरी. शेवटी द्रुत लय आणि टाळ्या, हे सगळेच करतात. एकदा बेडकांच्या सवाल-जवाबावर संपवून बघा, लोक हसत बाहेर पडतात.

निवेदन एकानंच करावं, दोन वाक्यांत. धबधब्याचं वर्णन करून मग धबधबा वाजवू नका. राग, ताल आणि कोणाची रचना, एवढं सांगा आणि तो वेळ संतूर लावायला वापरा.